आईला घेऊन तीन दिवस मुंबईत: खाणं, खरेदी, भटकंती

वऱ्हाडी_ठेचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. १० डिसेंबरला, बुधवारी सकाळी, विदर्भ एक्सप्रेसने आईला घेऊन मुंबईत येतोय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने परत. मुक्काम दादर पश्चिमेला मावसभावाकडे. तो आणि वहिनी दोघंही सकाळी आठला घर सोडतात, म्हणजे दिवसभर आम्ही मायलेकच.

आई ७१ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायची. गुडघे दुखतात, पण दुखतात हे कबूल करत नाही. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुंबई तिने एकदाच पाहिलीय, लग्नानंतर १९७८ साली. तेव्हाच्या तीन गोष्टी तिच्या डोक्यात पक्क्या बसल्यात: राणीबाग, म्हातारीचा बूट आणि बाबांनी कुठेतरी पाजलेलं 'काहीतरी गार, घट्टसर, पिवळट'. त्याचं नाव आठवत नाही, जागाही आठवत नाही.

भाचीचं लग्न आहे, त्यासाठी ब्लाऊजपीस आणि थोडं कापड घ्यायचंय. आईला मसाला घ्यायचाय. यूट्यूबवर 'मुंबईतल्या टॉप २५ जागा' बघून बघून डोकं भणाणलं. यादी नको राजेहो. तुम्ही तुमच्या आईला नेलं असतं तर कसं नेलं असतं, ते सांगा.

स्लो_लोकल

पहिलीच ठेच घ्या, ठेचाभाऊ. बुधवारी राणीबाग बंद असते. तिच्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. दोन्ही गुरुवारवर ढकला.

आमच्याकडे पाहुणे आले की 'कुठे जाऊ' विचारतात. विचारायचं असतं 'कुठल्या वारी आणि किती वाजता'. घारापुरी सोमवारी बंद. मंगलदास मार्केट रविवारी बंद. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद, आणि त्याच शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. हे माहीत नसलं की माणूस टॅक्सीला पैसे घालून शटर बघून परत येतो.

गाडीचंही तसंच. सकाळी आठ ते अकरा दादरहून सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडू नका. संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेची. अकरा ते चार हा तुमचा वेळ. त्यात दादरचा पूल चढणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. आता दादर पश्चिमेला जमिनीखालची मेट्रो आहे, ऑक्टोबर २०२५ पासून ती पार कफ परेडपर्यंत जाते. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, सगळं एका दमात. मला खाली रेंज मिळाली नव्हती, तेव्हा तिकीट वरच मोबाईलवर काढून ठेवा.

आणि रिक्षा शोधत बसू नका. माहीम-शीवच्या अलीकडे शहरात रिक्षा येतच नाही. काळी-पिवळी किंवा बेस्टची बस.

मुगभाटकर

ते 'गार, घट्टसर, पिवळट' म्हणजे पियुष. दुसरं काही असूच शकत नाही. श्रीखंड पातळ करून त्यात ताक, वेलची, जायफळ, केशर. १९७८ साली नव्या नवरीला घेऊन फिरणारा माणूस गिरगावात आला असणार आणि गिरगावात आलेला माणूस पियुष प्यायल्याशिवाय परत गेला नसणार. पणशीकरांकडे न्या आईंना.

माझा जन्म मुगभाटातला, सध्या मुक्काम डोंबिवली. (निम्मं गिरगाव तिकडेच भेटतं.) गिरगावात जाल तर सकाळी नऊच्या आत जा. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा. मग फणसवाडी, ठाकूरद्वार असं रमतगमत खोताच्या वाडीत शिरा. लाकडी व्हरांडे, बाहेरून जिना, कौलारू छप्पर, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी घरं. फार थोडी उरलीत. तिथे माणसं राहतात हे लक्षात ठेवा. परवा एकजण खिडकीला कॅमेरा लावून उभा होता, आतली म्हातारी त्याला काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आई इतिहासाच्या आहेत तर केशवजी नाईकांची चाळ दाखवा. मुंबईतला सार्वजनिक गणपती १८९३ साली तिथे बसला. चाळ अजून चाळच आहे, दोरीवर कपडे वाळत असतात. तेच तर बघायचं.

कुलाबा_वेधशाळा

पियुषवर एवढी खात्री? पिवळट म्हणजे मसाला दूधही असेल. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा १९०५ पासून आहे, तोही केशरी मिळतो. मी फालुद्यावर पैज लावतो.

इतिहासाच्या शिक्षिकेला तुम्ही मिसळीत अडकवू नका. गावदेवीत मणिभवन आहे, गांधीजी मुंबईत आले की १९१७ ते १९३४ तिथेच उतरायचे. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान जवळ, म्हणजे जुना गवालिया टँक, १९४२ चा. खाली चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा. १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे अंत्यसंस्कार तिथे वाळूत झाले. एवढं एका दुपारी होतं. मणिभवनात जिना आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

म्हातारीचा बूट मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कात. १९५२ सालची बाग. वरून मरीन ड्राइव्हची कमान दिसते. चढ आहे, वरपर्यंत टॅक्सीच करा. जवळच झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची लाकडी पायवाट मार्च २०२५ मध्ये सुरू झालीय. तिकीट २५ रुपये, ऑनलाइन आधी काढायचं.

चिंचगुळ

सगळ्या पुरुषांनी कॅलेंडर भिंतीवर टांगलंय पण बघितलं कुणीच नाही. १० डिसेंबर मार्गशीर्षातला बुधवार आहे! ठेचा, तुमच्या आई महालक्ष्मीचे गुरुवार करतात का? करत असतील तर गुरुवारचं सगळं खाणं रद्द, उपासाचं बघा.

आणि बुधवारी संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नसते. वेण्या, शेवंती, पाच झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या, नारळ, फळांचे वाटे, छापील पोथ्या. सोमवारी ज्या भावाने शेवंती घेतली त्याच्या दुप्पट भाव बुधवारी सांगतात आणि आपण देतो. घ्यायचंच असेल तर पहाटे पाच-साडेपाचला फुलबाजारात जा. टोपल्याच्या टोपल्या उलट्या करतात, जमिनीवर झेंडूचा गालिचा होतो, हमाल 'पाणी पाणी' ओरडत मधून घुसतात. (पाणी नसतं, वाट द्या असा अर्थ.) तुमची गाडी तशीही पहाटे दादरच्या आसपास असेल.

कापडासाठी मंगलदास. क्रॉफर्ड मार्केटजवळच. आत छपराखाली गल्ल्यांत गल्ल्या, दोन्ही बाजूंना ताके. अकराला दुकानं उघडलेली असतात, दुपारी एकनंतर गर्दीत चालवत नाही. तीन गोष्टी माझ्या आईने शिकवलेल्या. एक, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी विचारा, कमी पन्ह्याचा कपडा स्वस्त वाटतो आणि नंतर ब्लाऊजला पुरत नाही. दोन, रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दुकानदाराला सांगून गल्लीच्या तोंडाशी उजेडात न्या, मोरपंखी म्हणून घेतलेला घरी निळा निघतो. तीन, रुमालाचं टोक ओलं करून कोपऱ्यावर घासा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

पापलेट_प्रेमी

काकू शाकाहारी आहेत म्हणून गप्प बसलो होतो. तरी लालबागचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणजे कमाल झाली. मसाला म्हणजे मिरची गल्ली!

चिंचपोकळीला उतरा, गल्लीच्या आधी वास येतो आणि पहिली शिंक येते. पोत्यांत मिरच्या: ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला, काश्मिरी नुसती दिसायला. आपण प्रमाण सांगायचं, किंवा 'मालवणी पाच किलो' एवढं सांगायचं, ते वजन करतात. धणे, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ, जायपत्री, हळकुंडं. मग मिरच्यांचे देठ काढून, सगळं वेगवेगळं भाजून डंकावर. डंक म्हणजे विजेवर चालणारं मोठं लोखंडी मुसळ, धप्प धप्प धप्प. पीठगिरणीत दळलेला मसाला गरम होऊन वास सोडतो, कांडलेला तसा होत नाही. आमच्या घरात यावर लग्नं मोडली असती.

एप्रिल-मेमध्ये ही सगळी गंमत. घराघरातल्या बायका डबे घेऊन नंबर लावतात. डिसेंबरात गर्दी नसेल, तयार मसाला मिळेल. मालवणी, घाटी, आगरी, तिन्ही एका दुकानात. इथल्या कापडगिरण्यांत कोकणातले आणि घाटावरचे दोघंही कामाला होते, मग दुकानदाराने दोघांनाही सांभाळलं. गिरण्या १९८२ च्या संपानंतर गेल्या, मसाला राहिला.

काकूंसाठी शेजारी चिवडा गल्ली आहे. पोह्यांचा, मक्याचा, डाएट म्हणून तळलेला.

ता_रा_पुणेकर

मिसळ मुंबईत? बरं.

स्लो_लोकल

आले!

पुणेकर, दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातली सर्वात चविष्ट शाकाहारी डिश म्हणून निवडलं होतं. तुम्हाला पटणार नाही, आम्हालाही पूर्ण पटलेलं नाही. आस्वादला थालीपीठ खावं असं माझं मत आहे. मिसळ ठीक.

ता_रा_पुणेकर

लंडनला तर्री कळते हे आजच कळलं. असो. दादरला गेलात तर छबिलदास गल्लीतल्या श्रीकृष्णचा बटाटावडा चांगला आहे, हे मी मान्य करतो. एवढंच.

न्यूजर्सीची_नणंद

वाचूनच पोट भरलं आणि रडूही आलं. अवांतर विचारते: मराठी पुस्तकं हाताळून घ्यायची तर दादरला अजून आयडियलच ना? जानेवारीत येतेय.

कुलाबा_वेधशाळा

हो, आयडियलच, छबिलदासजवळ. फोर्टात किताबखाना आहे, तिथेही मराठीचं कपाट आहे आणि बसायला जागा आहे. पण पुस्तकांसाठी खरं यायचं ते ६ डिसेंबरच्या आसपास शिवाजी पार्कावर. चैत्यभूमीला आलेली माणसं कपड्यांच्या पिशवीत भाकरी आणि पुस्तकं घेऊन परत जातात. आंबेडकरांचे खंड, बुद्धचरित्रं, गाण्यांच्या पुस्तिका, सगळं रस्त्यावर. ठेचा, तुमची गाडी चार दिवसांनी चुकली.

वऱ्हाडी_ठेचा

चुकली नाही भाऊ, त्या आठवड्यात तिकीटच मिळालं नाही. आमच्याकडून त्या दिवसांत किती लोक जातात ते तुम्हाला माहीतच आहे.

चिंचगुळताई, आई गुरुवार करते! मी विसरलोच होतो. तिला विचारलं तर म्हणे, "मुंबईत काय लक्ष्मी नसते का?" वहिनीला फोन करून मांडणीचं सांगून झालं. म्हणजे बुधवारी फुलबाजार, गुरुवारी उपास करून राणीबाग आणि लालबाग, शुक्रवारी मंगलदास आणि फोर्ट. म्हातारीचा बूट कुठे बसवू?

चिंचगुळ

शुक्रवारी. सकाळी टॅक्सीने बूट, तिथून खाली उतरून मंगलदास. गुरुवारी उपासाला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, शिवसेना भवनाजवळ. पियुष उपासाला चालतं. मुगभाटकरांची पैजही तिथेच लागेल.

माटुंगाही सुचवणार होते. रामा नायकांच्या उडिपीत केळीच्या पानावर जेवण, १९४२ पासून. पण पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे विचारून ठरवा.

पापलेट_प्रेमी

गुरुवारी माझ्याही घरी मासे बंद आहेत. कुणी बोलवतं का प्रकाशला?

मुगभाटकर

प्रकाशचं पियुष चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण आठवण गिरगावातली आहे आणि तुम्ही ती दादरला तपासताय.

वऱ्हाडी_ठेचा

वृत्तांत. परत पोचलो. उशीर झाला लिहायला, माफी.

बुधवारी पहाटे सामान भावाकडे टाकलं आणि सहा वाजता आईला फुलबाजारात नेलं. ताई, तुमचं 'पाणी पाणी' ऐकून आई खरंच बाटली काढायला लागली. हमालाने हसून वाट काढली. शेवंती, डहाळ्या, एक वेणी. भाव तिने केला, मी लांब उभा राहिलो. माणसाने चाळीस सांगितले, तिने पंचवीस म्हटलं, तो म्हणाला "मावशी, बुधवार आहे," ती म्हणाली "माझ्या घरीही बुधवारच आहे." तिसात झालं.

गुरुवारी राणीबागेत ती प्राण्यांपेक्षा संग्रहालयात जास्त रमली. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत ना, वेगवेगळे धंदे करणारी माणसं, पगड्यांचे प्रकार, एकेका काचेसमोर दहा-दहा मिनिटं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली विलायतेला न्यायच्या खटपटीत तो पडून फुटला, मग तुकडे सांधून उभा केला. आईने त्याचे सांधे हात लांब करून दाखवले, मागे शाळेची सहल होती, त्यातली आठ-दहा पोरं येऊन ऐकायला लागली. त्यांच्या बाईही ऐकत होत्या. गुडघ्यांचं नाव नाही. पेंग्विन बघायचे राहिले.

लालबागला मसाला घेतला, घाटी अर्धा किलो. दुकानदाराने विचारलं, "कुठले?" अकोला म्हटल्यावर म्हणाला, "मग तिखट वाढवून देतो." देठासकट मिरची भाजली तर काय होतं यावर त्याचं आणि आईचं बोलणं पंधरा मिनिटं चाललं. मी शिंकत होतो.

प्रकाशला तासभर रांग. साबुदाणा वडा आईला आवडला, दही गोड होतं असं म्हणाली. पियुष आलं. आम्ही दोघं गप्प. तिने दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला. म्हणाली, "चांगलंय. पण ते हे नव्हे."

शुक्रवारी बूट. टॅक्सीवाले दोघे नाही म्हणाले, तिसरा आला. बूट तिला लहान वाटला. "तेव्हा मोठा होता," म्हणे. १९७८ मध्ये ती चोवीस वर्षांची होती, तेव्हा तसा फरक पडायचं कारण नाही, पण मी वाद घातला नाही. खाली उतरल्यावर मंगलदास. तिथे मी माती खाल्ली. गर्दीत घाई झाली, ओला रुमाल घासायचा राहिला. दोन ब्लाऊजपीस ठीक निघाले, तिसरा लाल घरी पाण्यात घातला तर बादली लाल. दुकानाचं नाव लिहीत नाही, चूक माझीच.

मग बादशाहचा फालुदा. वेधशाळा, तुमची पैजही गेली. सब्जा बघून आई म्हणाली, "हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

संध्याकाळी सीएसएमटीसमोर उभे राहिलो, इमारतीवर दिवे लागले होते. १८८८ सालची इमारत, तिने मला कमानींमधले दगडी प्राणी एकेक करून दाखवले. गर्दी अंगावरून जात होती. पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खाल्ली आणि सामान घ्यायला गेलो. क्यानी बेकरीचा मावा केक माझ्यासाठी घेतला होता, अंड्याचा म्हणून तिला दिला नाही. गाडीत तिने वासावरून ओळखलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. ते पेय मात्र सापडलं नाही.

चिंचगुळ

तिसऱ्या पीसला मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवून बघा. थांबेलच असं नाही. वेगळाच धुवा, नाहीतर भाचीच्या लग्नात सगळ्यांचेच पांढरे सदरे गुलाबी.

कुलाबा_वेधशाळा

पैज हरलो, मान्य. मुगभाटकर, तुम्हीही हरलात.

मुगभाटकर

मी कसा हरलो? गिरगावात नेलंच नाही त्यांना. पुढच्या वेळी थेट चर्नी रोड. आता तर जमिनीखालून गिरगाव नावाचं स्टेशनही आहे.

स्लो_लोकल

ठेचाभाऊ, एक विचारायचं राहिलं. पेला होता की बाटली? त्या काळात आरेच्या दूध केंद्रांवर एनर्जी (सुगंधी दूध) मिळायची, काचेच्या बाटलीत, केशराची पिवळी असायची. नवीन लग्न झालेली जोडपी राणीबागेतून बाहेर पडली की तीच प्यायची. आमचे आईवडीलही प्यायले होते. आईंना विचारा, प्यायल्यावर बाटली परत द्यावी लागली होती का?